चारी बाजूंनी शिवलेला अभ्रा

माय, पुस्तक छापून आलं. गोष्टींचं नाही. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन नोंदवणारं जे सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते, ते कसं चालवायचं ते सांगणारं. पिंपळगावात तुझा शिवणक्लास भरायचा त्याच खोलीत, तुझ्या मशीनच्या जागी टेबल टाकून मी ते लिहिलं. आज कोणी विचारलं की तू काय करतेस, तर मी लेखिका आहे असं सांगून मोकळी होईन. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लय मोठी झाली वो तू," आणि गल्लीभर पुस्तक दाखवून आली असतीस.

तुला तो उशीचा अभ्रा आठवतो का? क्लासमधल्या नव्या मुलींना शिकवायचं काम तू माझ्यावर टाकलं होतंस. मी चांगली ऐटीत सांगत होते, आणि तू म्हणालीस, "मले काहीच येत नाही असं समज. तू सांग, मी तेवढंच करीन." मी सांगितलं, दोन तुकडे एकावर एक ठेवा आणि चारी बाजूंनी शिवा. तू ठेवलेस, खरंच चारी बाजूंनी शिवलेस, वर गाठ मारलीस आणि तो अभ्रा माझ्या हातात दिलास. "आता उशी कुठून घालशील?" सगळ्या पोरी पोट धरून हसत होत्या. मी रडकुंडीला आले होते. "तुह्या मनातलं समोरच्याले दिसत नाही," तू म्हणालीस, "तोंडानं सांगा लागते." ती शिवण तू मलाच उसवायला लावलीस. तुझा राग मला पुढे कितीतरी दिवस आला.

कंपनीत मी फोनवर होते. हंगाम सुरू झाला की जिनिंगवाले तेच ते विचारायचे आणि मी घसा बसेपर्यंत तेच ते सांगायचे. मला ते लिहून काढायचं होतं. साहेब म्हणाले, "पुस्तक कोण वाचतं? सगळे फोनच करतात." तरी एक संधी दिली: खामगावजवळच्या एका जिनिंगमधल्या, गाड्या तोलायच्या काट्यावरच्या चाचांनी नुसतं पुस्तक वाचून गाडीचं वजन घेतलं पाहिजे, मी तोंड उघडायचं नाही. जमलं तर लिहिण्याचं काम माझं, नाहीतर परत फोनवर. आणि मी पहिल्याच वेळी तोंडावर आपटले. मी लिहिलं होतं, गाडी काट्यावर आली की बटण दाबा. ट्रॅक्टरची पुढची चाकं काट्यावर चढली, ट्रॉली अजून रस्त्यावर, आणि चाचांनी बटण दाबलं. "पुस्तकात लिहेल हाय ना, गाडी आली का दाबा," ते म्हणाले. "आली ना गाडी." मला हातातला तो बंद अभ्रा दिसत होता.

साहेबांच्या हातापाया पडून मी आणखी एक संधी मिळवली आणि पुस्तक मुळापासून उसवलं. असलं पुस्तक साध्या मजकुरात खुणा टाकून लिहितात, माय. अक्षर मोठं की ठळक ते आपण ठरवायचं नाही. ही पायरी आहे, ही सावधगिरी आहे, एवढंच खुणेनं सांगायचं. मग त्याच मजकुरातून छापील पुस्तकही निघतं आणि मोबाईलवरचं पानही. वजन घ्यायची रीत किती प्रकरणांत येते, पण मी ती एकदाच वेगळी लिहून ठेवली आणि बाकी ठिकाणी नुसती खुणेनं बोलावली, कापड बेतायचा तुझा कागद एकच असून त्यावर गल्लीभराची झबली निघायची तशी. लिहिलेली प्रत्येक ओळ मी मनातल्या मनात तुझ्या हातात देऊन पाहायचे. तू काय करशील? चाकं पाहायची सावधगिरी बटण दाबायच्या पायरीच्या खाली होती, ती मी वर आणली.

दुसऱ्या खेपेला चाचा ओळीखाली बोट धरून वाचतात. मी ओढणीचं टोक दातांत धरून बसले आहे, साहेब दारात उभे. 'थांबा. गाडीची सगळी चाकं काट्यावर आहेत का, ते बाहेर जाऊन पाहा.' चाचा उठतात, चप्पल घालून बाहेर जातात आणि त्यांचा आवाज येतो, "अबे, ट्रॉलीचं मांगचं चाक बाहेर हाय. घे पुढं." परत येतात, बटण दाबतात, पावती निघते. पूर्ण गाडीचं वजन. चाचा पावती साहेबांच्या हातात देतात आणि मला म्हणतात, "आता तुले फोन काऊन करू वो?" माय, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. त्या गाडीवाल्याला कळेना की ही बाई हसते की रडते.

हे मी तुला कुठे लिहिते आहे, ते सांगायचं राहिलं. त्याच पुस्तकाच्या फाइलीत, त्या सावधगिरीच्या वर. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा दिल्या की ती ओळ छापली जात नाही, लिहिणाऱ्यापुरतीच राहते. तुझ्याशी बोलत बोलत लिहिलेल्या अशा ओळी पुस्तकभर आहेत. फाइल साफ करून दे, असं साहेबांनी सांगितलं होतं. मी केली म्हणून सांगितलं, पण केलेली नाही.