तिरुचीच्या मैदानाची वाट

अप्पा, तुमची पणती आज चेन्नईच्या स्टेडियममध्ये मॅच बघायला गेलीय. मेट्रोनं जाते, मेट्रोनं येते, काळजी कशाला अज्जी, म्हणाली. तरी दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोन मांडीवर घेऊन बसलेय. काय करणार, रक्त तुमचंच! म्हणून तुम्ही शिकवलेल्या अक्षरांत हे लिहायला घेतलं. घरात आता सगळे तमिळच वाचतात, देवनागरी कुणाला येत नाही, तेव्हा मनातलं लिहायला हरकत नाही.

आठवतो तो शनिवार? बसनं जायच्या गावी, तिरुचीच्या मैदानावर माझी शंभर मीटरची शर्यत होती. मी नववीत. आईनं आधीच तंबी दिलेली, 'दिवेलागणीच्या आत पोर घरात पाहिजे. नाहीतर हे पळणंबिळणं कायमचं बंद.' मला तेवढीच धास्ती. तुमची काळजी वेगळीच. बसची वेळ नेमकी राहुकाळात! मग आदल्या संध्याकाळी माझे कॅनव्हासचे बूट पंच्यात गुंडाळून तुम्ही शेजारी नेऊन प्रस्थान ठेवलंत. 'सामान निघालं म्हणजे आपण निघालो. आता राहू काय करतो बघू,' म्हणालात. मोठ्या खुशीत होतात.

सकाळी बघतो तर शेजाऱ्यांच्या दाराला हे भलंमोठं कुलूप, बूट आत! मंडळी पहाटेच तिरुवैयारूला नदीवर स्नानाला गेलेली. तुम्ही त्यांच्या ओट्यावर बसकण मारलीत.

'अप्पा, बस जाईल.'

'प्रस्थान सोडून निघायचं कसं? गप्प बैस.'

मी रडकुंडीला आले होते, आणि खरं सांगते, तुमचा भयंकर राग आला होता. शेवटी आईच दारातून म्हणाली, 'अहो, पोर अनवाणी पळेल. बस चुकली तर कशी पळेल?' तेव्हा कुठे तुम्ही उठलात.

बसमध्ये तुम्ही समोरचा दांडा घट्ट धरून बसला होतात. ब्रेक लागला की ओठ पुटपुटायचे. तिरुचीला उतरून घोड्याचा जटका केला, तर पुढे रेल्वेचं फाटक बंद. गाडी येईना, फाटक उघडेना, घोडा निवांत शेपटी हलवतोय. तुम्ही घड्याळ बघताय, मी तुमचं तोंड. आणि एकदम तुम्ही मला दंडाला धरून खाली उतरवता. रुळांच्या दोन्ही बाजूंना दोनदा बघता.

'फाटकाखालून जा. सरळ रस्ता आहे, मैदान दिसेल. पळ! मी आलो मागून.'

मला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी न धाडणारे तुम्ही! मी परकरावरच्या तावणीचा पदर कमरेला खोचला आणि सुटले. सायकलवाले थांबले, बायका 'अय्यो, काय झालं हिला?' म्हणून ओरडल्या. मैदानावर पोचले तेव्हा नावं पुकारत होते. श्वास घ्यायलाही उसंत मिळाली नाही. चौथी आले. तुम्ही धापा टाकत पोचलात तेव्हा पुढची शर्यत सुरू झाली होती.

परतीच्या बसला ही गर्दी. मला जागा मिळवून दिलीत, तुम्ही उभे. बाहेर ऊन उतरत होतं. चौथा नंबर, वर उशीर. आता संपलंच सगळं.  मग तुम्ही वाकून म्हणालात, 'शर्यत नाही बघायला मिळाली. पण रस्त्यात पळताना बघितलं. तशी पळणारी चौथी येतेच कशी, तेवढं कळेना.'

घरी पोचलो तेव्हा आईचा दिवा लावून झाला होता. तिनं तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, 'पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच जाऊन राहू.' आई ताटं मांडायला वळली. मी आत जाऊन पोटभर रडले.

हा कागद धाडायचा तरी कुठे? पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. फाटकापासून पळताना मी एकदाही मागे वळले नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोर किती धीट! अप्पा, तुमचं घाबरलेलं तोंड दिसलं असतं ना, तर मी तिथूनच परत फिरले असते.