लेकीच्या घरचं पाणी

मी, बन्सीधर सिताराम पौळ, राहणार झरी, तालुका जिल्हा परभणी, एस.टी.चा सेवानिवृत्त ड्रायव्हर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

१. झरीचं राहतं घर मुलगा गोपाळ याला. शेत गोपाळ आणि मुलगी मंजुषा यांना समान. गोपाळची हरकत नाही. चुलतभाऊ लिंबाजीची आहे. "मंजुषाला लेकरूबाळ न्हाई, तिला शेत कशाला?" असं तो चारचौघांत बोलला. त्याला माझ्या तेरवीला बोलवावं, पण शेवटच्या पंगतीत बसवावं.

२. पाने-पकडींची पेटी सूर्यभान खिल्लारे याला. माझ्या गाडीवर तो कंडक्टर होता. तो बौद्ध, त्याच्या डब्यातलं खाऊ नको, असं आईनं मला बजावलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी ते मोडलं, कारण त्याच्या घरच्या ठेच्याचा वास सहन होईना.

३. फिरकीचा तांब्या. आईचीच दुसरी शिकवण अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये. ही मात्र मी पाळली. मंजुषाला सेलूला दिली, आणि तिला मूल झालं नाही. माझी गाडी सेलूलाच जायची. मी तिच्या ओट्यावर बसायचो आणि या तांब्यातलं झरीचं पाणी प्यायचो. बायको पार्वती होती तोवर मागच्या दारानं लेकीचा चहा पिऊन यायची. मला ते कळायचं आणि तिचा हेवा वाटायचा.

सूर्यभान एकदा म्हणाला, "बन्सीभाऊ, माझ्या घरचं खाता, आन् पोरीच्या हातचं पाणी न्हाई?"

"रीत हाय," मी म्हणालो.

"रीत तर माझ्या डब्याची बी होती."

मी समजत होतो, मी आईचा शब्द पाळतोय. पण तिला मूल नाही, हे तो तांब्या दर भेटीला तिला सांगत होता. बापाच्या हातात असं काही असू नये.

इथवर झरीत लिहिलं. पुढे लिहवेना. मेल्यावर शेत द्यायचं आणि जिवंतपणी पाणी घ्यायचं नाही, हे काही पटेना. कागद खिशात घातला आणि सेलूची गाडी धरली.

४. मंजुषानं सवयीनं पाणी पुढे केलंच नाही. मलाच मागावं लागलं.

"तांब्यातलं संपलं का, बाबा?"

"तांब्या घरीच ठेवलाय."

ती जागची हलली नाही. "बाबा, मला तर अजून लेकरू न्हाई."

"म्हाईत हाय. पाणी दे."

तो तांब्या गोपाळनं तुळशीला पाणी घालायला वापरावा.

वरचं सगळं दोघा साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार:
सूर्यभान खिल्लारे (सही). निरोप मिळताच आला.
दगडाबाई, मंजुषाची शेजारीण (अंगठा)

बन्सीधर सिताराम पौळ (सही)

दिनांक: ९ मार्च २०२५
ठिकाण: मंजुषाचं घर, सेलू. जेवण झाल्यावर.