आबा, उत्तर खोटं होतं, रक्त नव्हे

तीर्थरूप आबा,

गेल्या उन्हाळ्यात तुमच्या दंडातलं रक्त नेणारे हैदराबादचे डॉक्टर आज पुन्हा आलेत. चावडीत बसलेत आणि तुम्हाला बोलावतायत! तुम्ही दिवाळीआधीच गेलात, हे त्यांना कळवणार कोण? मी सांगितलं तसं त्यांनी वही उघडून तुमचं नाव शोधलं. चहाचं निमित्त काढून मी घरी आलोय. त्यांना काय सांगायचं ते आधी तुमच्याशी बोलल्याशिवाय मला सुचायचं नाही.

आठवतं ना? म्हाताऱ्या माणसांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं दुखणं, प्रोस्टेटचं, रक्तावरून ओळखू येतं का, हे ते गावोगाव तपासत होते. दुखणेकऱ्यांचं रक्त एकीकडं, धडधाकटांचं दुसरीकडं. त्यांना मराठी येईना. येडशी स्टेशनात हमाली करताना मी उर्दू शिकलेलो, म्हणून दुभाष्या मी!

"इनको पेशाब की तकलीफ है?" त्यांनी विचारलं. भर चावडीत, सोयरेधायरे बसलेले, आणि बापाला हे विचारायचं लेकानं! मान खाली घालून विचारलं मी.

"मला कशाचा तरास? अजून मोट हाकतो म्या!" तुम्ही म्हणालात.

"आबाला न्हाय, तर मला कुठला आलाय?" तुमचे पाठचे भाऊ गोविंदतात्या म्हणाले. "धा वर्सांनी थोरला हाय त्यो!" चावडी हसली. मग रांगेतला जो तो "न्हाय, न्हाय" म्हणत गेला.

आणि मी? माझ्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला तर मला रस्त्यावरून ऐकू येतं. गोठ्यामागं तुम्ही किती वेळ उभे राहायचात, कसे कण्हायचात, ते ऐकू येत नव्हतं व्हय? तरी हसत सांगितलं, "कुछ नहीं, साब." तुमची लाज राखली, असं वाटलं मला. काय ते शहाणपण!

का हो लपवलंत? निदान मला एकट्याला सांगायचं होतं. पण मी तरी एकट्यानं कधी विचारलं? पुढं कमरेनं तुम्हाला खाटेवरून उठू दिलं नाही, आणि आम्ही वात समजून शेकत बसलो. ते दुखणं कमरेच्या हाडांत उतरतं, हे आज डॉक्टरांकडून कळलं.

आता डॉक्टर म्हणतात, धडधाकटांत लिहिलेल्या तुमच्याच रक्तात त्या दुखण्याची खूण सगळ्यांत जास्त निघाली. त्यांना वाटतंय, तपासणीतच खोट आहे. आपलं गाव वहीतून काढून ते दुपारी पुढं जायचे आहेत. इकडं परवापासून गोविंदतात्या कमरेवर हात ठेवून चालतायत. विचारलं तर म्हणतात, "पोतं उचललं रं!" पोतं? तात्यांनी? ह्या वयात?

नाही आबा, बसवत नाही मला. रागवायचं तर रागवा! आत्ता जाऊन सांगतो, तपासणी खरी आहे, उत्तर खोटं होतं आणि ते माझ्या तोंडून गेलं. तुमचं नाव दुखणेकऱ्यांत लिहायला लावतो. मग एकेकाला गिरणीच्या खोलीत नेऊन, दार लावून विचारीन. पहिले तात्या. लागलं तर सोलापूरच्या दवाखान्यात मी स्वतः घेऊन जाईन. चावडीत तुमची लाज जाईल. तात्या तरी राहतील.

तुमचा थोरला,
दत्तू