नावे ठेवणाऱ्याला जेवण

मी, पारूबाई ग्यानोबा सोनकांबळे, वय ५८, धंदा खानावळ, राहणार लातूर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नाही तर स्वतःच्या मनाने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डावा पाय १९९३ च्या भूकंपात गेला, पण या कामाला पाय लागत नाही.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझा मुलगा आनंदराज आणि सून मनिषा या दोघांच्या नावे, सारखी. मनिषाने माझे केले आहे, ते मी विसरलेली नाही.

२. खानावळीची जागा मात्र आनंदराजला मिळणार नाही. ती क्लासवाल्याला भाड्याने द्यावी म्हणून तो दोन वर्षे माझ्या मागे लागला आहे. लातुरात क्लासला जागांचा दुष्काळ नाही. कारण लिहिते, म्हणजे मागून कोर्टाची पायरी नको.

भूकंपात ग्यानोबा गेले. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. बाहेरगावच्या एका संस्थेने पाय गेलेल्या बायकांसाठी मुरुडचे वेल्डर गुलाम रसूल यांच्याकडून चालायचे लोखंडी स्टँड करून घेतले. पहिला मला दिला. साहेब लोक विचारायला आले तेव्हा मी तो धरून उभी राहिले, फोटो काढू दिला आणि म्हणाले, "लई चांगलं हाय." धर्माच्या गाईचे दात बघू नयेत, असे आईने शिकवलेले. माझ्या त्या शब्दावर तसलेच आणखी चाळीस बनले आणि माझ्या स्टँडसारखी त्या चाळिसांवरही लुगडीच वाळत पडली. मला त्याची अजून लाज वाटते.

गुलामभाईंनी ती लुगडी पाहिली. संस्था तोवर निघून गेली होती.

"बाई, खरं सांगा, स्टँड का वापरत न्हाई?"

"चालून कुठं जाऊ, भाई? मला चुलीपुढं सरकायचं हाय."

गुलामभाई नवी वस्तू करायला निघाले, पण या दुसऱ्या खेपेला त्यांना कोणी दारात उभे करीना. फक्त भंगारवाले शेषेराव यांनी जुनी बेअरिंगे दिली. म्हणाले, "जमलं तर सांग, न्हाई जमलं तरी येऊन सांग." त्यातून चाकांचा पाट झाला, वीतभर उंच, खटका ओढला की जागेवर थांबणारा. त्यावर बसून मी वीस वर्षे क्लासच्या पोरांना जेवू घातले. ही जागा त्याच कमाईची आहे.

३. म्हणून या जागेचा ट्रस्ट करून तो गुलामभाईंची मुलगी जेबा हिने सांभाळावा. गुलामभाई आता नाहीत. लोकांची अडचण दूर करणारी वस्तू बनवणाऱ्याला तिथे भाड्याशिवाय बसू द्यावे, मात्र ज्याची पहिली वस्तू फसली त्यालाच. पहिल्या खेपेला हात देणारे पुष्कळ असतात. वस्तू ज्याच्यासाठी केली त्याला बोलावून जेवण द्यावे. जो नावे ठेवील त्याला गोड जास्त वाढावे. जो नुसताच "चांगलं हाय" म्हणेल त्याला पुन्हा बोलवावे.

४. माझा पाट ज्या बाईला लागेल तिला द्यावा. महिन्याने जाऊन त्यावर काही वाळत घातले आहे का ते बघून यावे.

५. आनंदराज, राग धरू नकोस बाळा. तूही त्याच पाटाच्या अन्नावर वाढलास.

सहीसाठी वकीलसाहेब मला धरून टेबलाशी उभी करत होते. मी कागद खाली मागवला. ही सही पाटावर बसून करते. उभी राहून मी एकदा खोटे बोलले आहे.

सही : पारूबाई ग्यानोबा सोनकांबळे

माझ्यासमोर सही झाली :
१. शेषेराव, भंगार दुकान, मुरुड
२. सिद्धेश्वर, किराणा दुकान, लातूर

लातूर, १२ जून २०१७