न सांगितलेलं रक्त

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज पुन्हा रक्त. मूळव्याध असेल म्हणून आता स्वतःला फसवता येत नाही.

दुपारी आमच्या संशोधन संस्थेत शाळाशिक्षकांसमोर माझं व्याख्यान — आतड्याचा कर्करोग आणि जनुकं. सोपं करून सांगितलं. पेशीला ‘वाढ’ असा निरोप येतो, काम झालं की थांबतो. थांबवणारं जनुक बिघडलं की निरोप चालूच राहतो, वाढीची जनुकं बंदच होत नाहीत. शेवटी मी म्हणाले, “शौचातून रक्त गेलं तर लाजू नका, डॉक्टरांकडे जा.” टाळ्या पडल्या.

आणि सकाळीच मी फ्लश करून दोनदा वाकून बघितलं होतं. सलिलने विचारलं तर म्हणाले, ॲसिडिटी आहे. सख्ख्या नवऱ्याला.

१४ नोव्हेंबर

काही नाही. म्हणजे — होतं. लिहायचं नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हॉस्पिटलमधून ट्यूमरचे नवे नमुने आले. एका नळीवर: स्त्री, वय ३४. माझंच वय. जनुकांचा आलेख नेहमीसारखा, वाढीची जनुकं जोरात. ही बाईसुद्धा घरी ॲसिडिटीच म्हणाली असेल, असं पहिल्यांदाच मनात आलं. हातमोजे काढून बाहेर जाऊन बसले.

संध्याकाळी सलिलला सांगितलं. तो तांदूळ धूत होता.

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

“आणि तू हेच लोकांना शिकवतेस.” लगेच म्हणाला, सॉरी. पण चूक काय बोलला? ओल्या हातानेच डॉक्टरांचा नंबर शोधत होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांनी विचारलं, काय करता? मी म्हणाले, शिकवते. किती दिवस त्रास आहे? दोन आठवडे.

सलिल शांतपणे म्हणाला, “गणपतीपासून आहे. आणि ही याच कॅन्सरवर संशोधन करते.”

डॉक्टरांनी फक्त मान वर करून पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“घरात कुणाला होता?”

“नाही. वडील गेले, पण काविळीने.”

अण्णांबद्दल हे मी बोलले. आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला की कावीळ होते, हे माझ्या स्वतःच्या प्रबंधात आहे. बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुर्बिणीतून तपासणी झाली. आत गाठीच गाठी. मोठ्या काढल्या, तुकडे तपासायला पाठवलेत. डॉक्टर म्हणाले, “तुमच्या वयात इतक्या उगाच येत नाहीत. रक्ताच्या नात्यात विचारा. नीट विचारा.”

म्हणजे थांबवणारं जनुक जन्मापासूनच बिघडलेलं. आई नाहीतर वडील, दोघांपैकी एकाकडून आलेलं.

३० नोव्हेंबर, रविवार

लोणी काळभोरला माहेरी गेले. साईनाथ — माझा धाकटा भाऊ — उसाला पाणी द्यायला गेला होता. बरंच झालं.

“आई, अण्णांना संडासातून रक्त जायचं का?”

तिने आधी दाराकडे पाहिलं. सून ऐकेल म्हणून.

“असलं काय विचारतीस गं?”

मी दार लोटून घेतलं. मग तीच म्हणाली, “आपली कापडं आपणच धुवायचे. मला हात लावू द्यायचे न्हाईत. कायतरी हाय, कळत हुतं. पर गडीमाणसाला विचारायचं कसं?”

“काविळीच्या आधी?”

“लय आधी.”

तिला काय बोलणार? ती निदान शिकलेली नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. अजून नाही. वरचेवर तपासत राहायचं, पुढे कदाचित ऑपरेशन. सलिल जिन्यातच बसला आणि रडला.

मला आनंद झाला. मग आठवलं — तेच बिघडलेलं जनुक साईनाथकडे असण्याची शक्यता निम्मी. त्याला फोन लावला, उसाला भाव काय मिळतोय विचारलं आणि ठेवून दिला. सगळं कळूनही तोंड उघडेना.

३ डिसेंबर, बुधवार

आज साईनाथला पुन्हा फोन करून स्पष्ट विचारलं. रक्त, संडास, सगळे शब्द उच्चारून. तो फोन घेऊन घराबाहेर आला. मग म्हणाला, “मला लग्नाच्या आधीपास्नं हाय, ताई. तवाच अण्णांना सांगितलं हुतं. ते म्हनले, मलापन हाय, पर घरातल्या बायांना कळू देऊ नको.”