अव्वाचं हाड

१४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०. हात तीनदा धुऊन लिहायला बसलो आहे.

दुपारी आमच्या अस्थिपेढीत मंद्रूपचा एक माणूस आला. त्याच्या आईने खुबा बदलताना काढलेलं हाड आम्हाला दान केलं होतं. काल ती वारली.

"आमच्यात पुरत्यात, साहेब. अव्वा अख्खी जायला पायजे की. हाड द्या, पाचला माती हाय."

ते मी सकाळीच रुग्णांसाठी भुकटी करायला चक्कीत घातलं होतं. तसं सांगितलं; दान केलेलं नियमाने परत देता येत नाही, हेही.

"ज्वारीवानी दळलं व्हय?" म्हणाला आणि गेला.

मी नियमानेच वागलो ना?

नंतर चक्की धुताना दात्यांत चिमूटभर भुकटी अडकलेली निघाली. ती रुग्णाला चालत नाही, जाळायच्या पिवळ्या पिशवीत जाते. तशी टाकली. चिमूटभरच होती. मग सुचलं, एवढी तरी त्याला देता आली असती. घड्याळात पाहिलं. सव्वापाच झाले होते.