ठमाबाईची भवानी

रत्नागिरी, १० मार्च २०२५

चि. सलिल यास पद्माआत्याचे अनेक आशीर्वाद, रागावले असले तरी पुरेपूर.

काल रविवारी, ९ मार्चला, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तू बॉस्टनच्या सभागृहातून आमच्या ठमाबाईचा अपमान केलास. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण तुझं व्याख्यान इंटरनेटवर थेट बघायला आळीतली अकरा माणसं मी ओटीवर बोलावली होती.

आधी ऊर भरून आला. उपनिषदांतला अवघड विचार तू गोऱ्या लोकांना इतका सोपा करून सांगितलास की शेजारच्या चिंतामणी वकिलांनीही मान डोलावली, आणि ते कोणाचं सहसा ऐकून घेत नाहीत. हे इंग्रजी माझ्या हाताखाली शिकलेलं, असं मी दोनदा बोलून घेतलं. मग तू गोष्ट काढलीस. म्हणे गावी एक निरिच्छ म्हातारी कोळीण आहे, तिनं तुला निम्म्या किमतीत सरंगा दिला, पैसे कपाळाला लावले आणि हसली. तिला लाभ-हानी सारखीच. वर टाळ्या!

अरे शहाण्या, ती आमच्या ठमाबाईची भवानी होती, दिवसाची पहिली विक्री. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, नाहीतर दिवसाचा धंदा बसतो. तुझ्यासाठी सोडलेले पैसे तिनं पुढच्याच दारात वकिलांकडून काढले. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तिची नात सलोनी कॉलेजात आहे. तिनं व्याख्यान मराठीत करून आजीला ऐकवलं. आज ठमाबाई पाटी घेऊन माझ्या फाटकावरून हाक न मारता गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

उत्तर हातानं लिही. जिवाला जप.
तुझी आत्या

बॉस्टन, २४ मार्च

ती. पद्माआत्यास सलिलचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र उभ्यानं वाचलं. बसायची हिंमत झाली नाही. भवानी मी साफ विसरलो होतो. इथं पंचवीस वर्षांत कोणी मला पहिलं गिऱ्हाईक म्हणून ओवाळलेलं नाही.

पण आत्या, मी तिचं नाव घेतलं नव्हतं, आणि बोललो ते आदरानंच. पहिल्या रांगेतल्या एक बाई रडल्या. माझ्या नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच गोष्टीवर आहे आणि ते मे महिन्यात छापायला जातंय. इथं कोणाला काय कळणार? ठमाबाईंसाठी चांगली शाल पाठवतो. तेवढ्यावर तू मिटव ना, तुझं ती ऐकते.

तुझ्या रागातही माया असते, ती आटू देऊ नकोस.
सलिल

रत्नागिरी, ९ एप्रिल

चि. सलिल यास आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी स्वतः मासळी बाजारात गेले आणि ठमाबाईच्या शेजारी पाटावर बसून ते मोठ्यानं वाचलं. ती सुरमई कापत होती. म्हणाली, त्याला कळवा, शाल आत्यालाच घाल, ह्या उकाड्यात मला कशाला. तुझं तत्त्वज्ञान बरोबर की चूक याच्याशी तिला घेणंदेणं नाही. पण जिला आपल्याच माशाची किंमत कळत नाही अशी बाई तू तिची करून ठेवलीस. आता गिऱ्हाइकं तिला साध्वीबाई म्हणतात आणि निम्म्या भावात मागतात. बाजारावर छप्पर घालून घ्यायला तीन वेळा बायका घेऊन नगरपालिकेत गेलेली बाई ती! निरिच्छ म्हणे.

इथं कोणाला काय कळणार, हे वाक्य मी तिला वाचून दाखवलं नाही. मला लाज वाटली. कॉन्व्हेंट शाळेतल्या आमच्या सिस्टर म्हणायच्या, चूक दुरुस्त होते, लबाडी नाही.

सलिल, मला तुझा अभिमान आहे. तिकडची शिकलेली माणसं तुझं तोंड बघत बसतात, हे मी अजून बाजारभर सांगते. म्हणूनच तुझ्या पुस्तकात खोटं नको. पहिल्या माणसाला विन्मुख पाठवायचं नाही आणि आपला मालही फुकट घालवायचा नाही, एवढं चाळीस वर्षं सांभाळलंय तिनं. ते समजावून सांग तिकडे. जमलं तर तू खरा मोठा.

तेव्हा प्रकरण बदल, आणि बदललंस ते मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहून माफीसह कुरिअरनं पाठव. फोन चालणार नाही. ३० एप्रिलला संध्याकाळी पाचच्या आत पोचलं पाहिजे, आणि माझ्याकडे नको. पत्ता: श्रीमती ठमाबाई, मासळी बाजार, डावीकडची पहिली जागा.

लोभ आहे, तो तिच्या हाती पत्र पडेपर्यंत राखून ठेवते.
पद्माआत्या